उन्हातलं काम आणि बर्फाचं जाकीट : पनवेलच्या निमित्ताने

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने प्रश्न विचारला होता. परदेशात कामगारांना अंग थंड ठेवणारी जाकिटं देतात, मग आपल्याकडे पनवेल-उलव्याच्या उन्हात पुलाच्या आणि इमारतींच्या कामावर राबणाऱ्यांना ती का मिळत नाहीत? त्या दिवशी आम्ही "पुढच्या वेळी बोलू" म्हणून वेळ मारून नेली, हे कबूल करतो. उत्तर ठाऊक नव्हतं. मधल्या काळात वाचलं, विचारलं, आणि लक्षात आलं की हा प्रश्न नुसता जाकिटाचा नाही, त्याला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आज मांडतो.

सुरुवात आपल्याच तालुक्यातून करू. १६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो माणसं उघड्यावर बसली होती, बरीचशी आदल्या रात्रीपासून किंवा पहाटेपासून आलेली. कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी परिसरातलं तापमान किती होतं? ३८ अंशांच्या आसपास. विदर्भातला माणूस ३८ ऐकून म्हणेल, यात काय विशेष? आमच्याकडे तर तो मार्च महिना. पण हवामान खात्याचे निकषसुद्धा किनाऱ्यासाठी वेगळे आहेत. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनारपट्टीवर ३७ पासून. कारण इथे खाडीची दमट हवा असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेल्या घामाचा शरीराला काही उपयोग नसतो. तो नुसता गळतो.

आता हे लक्षात घ्या, की खारघरला गेली ती माणसं बसलेली होती. बसलेलं शरीर साधारण १०० वॅटच्या दिव्याएवढी उष्णता तयार करतं. डोक्यावर घमेलं घेऊन जिना चढणाऱ्याचं शरीर त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे ज्या हवेत बसणं जिवावर बेतलं, तशाच हवेत त्याच पट्ट्यात रोज माणसं काम करत असतात. त्यांची बातमी होत नाही, कारण ती एका मैदानावर एकत्र नसतात. एखादा कामावर कोसळतो, दवाखान्यात "हार्ट अटॅक" लिहिलं जातं, गावाकडे निरोप जातो. उष्माघाताचे मृत्यू मोजणं जगभर अवघड ठरलंय ते याचमुळे.

आता जरा मागे जाऊ.

पनवेल हे मुळात वाटेवरचं गाव. मुंबईहून बोटीने पनवेल बंदरात यायचं आणि तिथून बोरघाटाने पुण्याला. १८३० साली घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलला बैलगाड्यांची रीघ लागली. गाडीची चाकं बनवणं हा इथला नावाजलेला धंदा होता, देशावरचे गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन जात. १८५२ साली नगरपालिका आली. आसपास भातशेती, खाडीकाठाने मिठागरं. मिठागरापेक्षा उन्हातलं काम कुठलं सांगणार? मीठ पिकतंच मुळी उन्हावर. पण त्या कामाची, आणि शेतीचीही, एक रीत होती. पहाटे लवकर लागायचं, ऊन चढलं की सावलीला यायचं, उन्हं उतरली की परत जायचं. मधल्या वेळात ताक, आंबील, डोक्याला ओला पंचा. हे कुणा डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. आम्हाला जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत, त्या माणसांचं कर्ज आणि उपासमारही तितकीच खरी होती. पण एक गोष्ट त्यांच्या हातात होती, ती म्हणजे दुपार.

ती हातची गेली मजुरीच्या कामात. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. ऐन कामाच्या दिवसांत तिथे ४० हजारांच्या वर मजूर होते. मेले ते मुख्यतः पटकीने आणि तापाने, त्यांच्या आकड्यांवर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. आम्हाला एवढंच नोंदवायचंय की कोकणात बांधकामाचा हंगाम म्हणजे पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा लागेपर्यंत. त्यामुळे घाई कधी होते? एप्रिल-मेमध्ये. "पाऊस लागायच्या आत उरका." १८६० मध्ये हेच, आजही स्लॅब टाकताना, नाला बांधताना हेच. म्हणजे वर्षातला सगळ्यांत वाईट महिना तोच सगळ्यांत जास्त कामाचा. हे गणित कुणी मुद्दाम रचलं नाही, ते पावसाने रचलंय. पण भोगतो मजूरच.

आता मुंबईच्या गिरण्यांकडे वळू, कारण "दुपारची सुट्टी" हा शब्द आपल्या कायद्यात आला तो तिथून. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव तुम्हाला माहीत आहे. सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुट्टी हवी ही मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली, पुढे १८९० मध्ये ती मिळाली म्हणून. पण त्याच अर्जात दुसरी मागणी होती, दुपारी अर्धा तास विश्रांती. या मागणीकडे आपण फारसं बघत नाही. पत्र्याच्या, वाफेच्या, पट्ट्यांच्या त्या खोलीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभं राहणाऱ्याने दुपारचा अर्धा तास मागितला. १८९१ च्या कारखाना कायद्यात तो आला. बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम बंद.

पण कायदा कुणाला लागू? यंत्रावर चालणाऱ्या आणि ५० किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्याला. म्हणजे ज्याच्या डोक्यावर छप्पर, त्याला दुपारची सुट्टी. ज्याच्या डोक्यावर नुसतं आभाळ, त्याला नाही. आपल्या कामगार कायद्याची ही जन्मखूण आहे, आणि ती पुढे फार काळ टिकली.

गिरणीतली गंमतही ऐका. सुताचा धागा कोरड्या हवेत तुटतो. म्हणून साचेखात्यात हवा दमट ठेवायची. त्यासाठी काही गिरण्यांत सरळ वाफ सोडत. मुंबईच्या मे महिन्यात, बंद खिडक्यांच्या खोलीत वाफ! धागा खूश, माणूस अर्धमेला. १९११ च्या कायद्याने या कृत्रिम दमटपणावर नियम करायचा अधिकार सरकारला दिला, १९२० च्या दशकात खास सल्लागार नेमून पाहणी झाली, व्हिटले कमिशननेही हा विषय घेतला. याच काळात ओल्या बल्बचा थर्मामीटर कारखान्यात आला. साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं. फडक्यातलं पाणी वाळताना पारा खाली जातो. हवा कोरडी असेल तर खूप खाली, दमट असेल तर थोडासाच. म्हणजे हा थर्मामीटर काय सांगतो? घामेजलेलं अंग फार तर किती थंड होऊ शकेल, ते. हे साधं यंत्र लक्षात ठेवा, जाकिटाच्या गोष्टीत ते परत लागणार आहे.

अमेरिकेतही कहाणी फार वेगळी नाही. विलिस कॅरिअरने १९०२ साली पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली, ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमटपणाने कागद फुगत होता, रंग जागेवर बसत नव्हते. आधी कागदाची सोय झाली, माणसाचा नंबर नंतर.

आता अंगावर घालायच्या वस्तूंकडे येऊ. हिंदुस्थानात उन्हापासून बचावाची खास वस्त्रं पहिल्यांदा पद्धतशीरपणे तयार झाली ती कामगारासाठी नव्हे, साहेबासाठी. सोला टोपी तुम्ही चित्रपटांत पाहिली असेल. त्याच घराण्यातली दुसरी वस्तू म्हणजे पाठीची गादी. सदऱ्याच्या पाठीला, कण्यावर, एक शिवलेली जाड पट्टी बटणांनी लावायची. समजूत अशी की सूर्याचे विशिष्ट किरण गोऱ्या माणसाच्या कण्यातून आत शिरतात आणि मेंदू बिघडवतात. ही समजूत साफ चुकीची होती. पाठीवर जाड कापड लावल्याने घाम वाळत नव्हता, म्हणजे उकाडा वाढतच होता. तरी सोला टोपी दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली, कारण ती प्रतिष्ठेची खूण झाली होती. वस्तू दिसायला संरक्षणाची असते आणि काम उलटं करते, याचं हे छान उदाहरण. आज बांधकामावर जे नारिंगी पॉलिएस्टरचं चमकतं जाकीट घालावं लागतं ते क्रेनवाल्याला माणूस दिसावा म्हणून असतं, आणि त्यासाठी ते हवंच. पण मे महिन्यात ते अंगावर घालून बघा म्हणजे पाठीची गादी काय होती ते कळेल.

खऱ्या अर्थाने थंड करणारं वस्त्र दोन ठिकाणांहून आलं. एक, दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणी. जितकं खोल जावं तितका खडक तापलेला, आणि धूळ दाबायला पाणी मारायचं म्हणून हवाही दमट. १९२४ पासून तिथे उष्माघाताच्या मृत्यूंची नोंद होऊ लागली. मालकांनी काय केलं? कामगारांची चाचणी घेऊन, उकाड्याच्या खोल्यांत त्यांना काही दिवस हळूहळू सरावून मग खाली सोडायचं. हे शास्त्र खरंच आहे, शरीर आठवड्या-दोन आठवड्यांत उन्हाला सरावतं. पण कृष्णवर्णीय स्थलांतरित मजुरांना वाफेच्या खोलीत घालून पारखणारी ती व्यवस्था होती, हेही विसरू नये. पुढे १९७० च्या दशकात तिथेच बर्फाची जाकिटं करून पाहिली. कापडात खिसे, खिशांत गोठवलेलं पाणी.

दुसरं ठिकाण म्हणजे हवाईदल. ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या संशोधन केंद्रात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वैमानिकांसाठी अंतर्वस्त्र तयार केलं. त्यात बारीक नळ्या, नळ्यांतून गार पाणी. नासाने ती कल्पना उचलली. १९६९ साली चंद्रावर चालणाऱ्यांच्या अंगात, पांढऱ्या पोशाखाच्या आत, असंच पाणी खेळवलेलं वस्त्र होतं. मग १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी स्पर्धेआधी बर्फाची जाकिटं घातली. खाणकामगार, वैमानिक, अंतराळवीर, खेळाडू. या यादीत वीटकाम करणारा अजून आलेला नाही, आणि का नाही हेच बघायचंय.

आज बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पाण्यात भिजवून घालायचं, बर्फाचं, आणि मेणासारखा पदार्थ भरलेलं. हा पदार्थ २० ते २८ अंशांच्या आसपास वितळतो आणि वितळताना उष्णता शोषतो. पंखा बसवलेली आणि बॅटरीवर चालणारीही असतात, ती वेगळी.

भिजवायचं जाकीट सगळ्यांत स्वस्त. पण आता आपला ओला थर्मामीटर आठवा. नागपुरात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओलं फडकं साधारण २३ अंशांपर्यंत थंड होतं. पनवेलला ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर ते २८ च्या खाली जात नाही. कातडी असते ३५ च्या आसपास. म्हणजे नागपुरात १२ अंशांचा फरक, पनवेलला ७. वाळ्याचे पडदे आणि कूलर विदर्भात घराघरांत आणि कोकणात कुणाकडे नाहीत, त्याचं कारण हेच. उलट इथे जाड ओलं कापड अंगाला चिकटलं की आतला घाम वाळायला वाट राहत नाही. नागपूरला जे औषध, ते पनवेलला ओझं.

मग बर्फाचं घ्या. शाळेत शिकलेलंच गणित. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. दोन किलोचं जाकीट, १६० किलोकॅलरी. मेहनतीचं काम करणारं शरीर तासाला ३०० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता काढतं. म्हणजे सगळा बर्फ फक्त अंगासाठी वितळला तरी अर्धा तास. प्रत्यक्षात तो बाहेरच्या उन्हालाही थंड करत बसतो. मेणाच्या पदार्थाची पकड किलोमागे बर्फाहूनही कमी, पण त्याने अंग गोठत नाही आणि तो गार पाण्यातही पुन्हा घट्ट होतो, ही सोय. आणि आता याच्या शेजारी ठेवा एक लिटर घाम. तो पूर्ण वाळला तर ५८० किलोकॅलरी नेतो. सात किलो बर्फाएवढं काम! शरीराची स्वतःची यंत्रणा इतकी जबरदस्त आहे, फक्त तिला पाणी, मीठ, सावली आणि वारा लागतो.

आम्ही हे नुसतं कागदावर केलं नाही. एका मित्राच्या ओळखीने दोन किलोचं बर्फाचं जाकीट मिळवलं आणि मे महिन्यात, दुपारी एक वाजता, पनवेलमधल्या एका चार मजली इमारतीत विटा वाहायला सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. पंधराव्या मिनिटाला खांदे दुखू लागले. पस्तिसाव्या मिनिटाला पिशव्यांत कोमट पाणी आणि पाठीवर दोन किलोचं ओझं. तिथे काम करणारे एक काका शांतपणे बघत होते. त्यांनी एकच विचारलं, "आता परत गोठवणार कुठं?" साइटवर फ्रीज नव्हता. पिण्याच्या पाण्याचा निळा पिंप होता, तो उन्हात.

त्या प्रश्नात सगळं आलं. जाकीट ही वस्तू एकटी येत नाही. तिच्यामागे फ्रीज लागतो, प्रत्येकी दोन-तीन संच लागतात, बदलायला दर अर्ध्या तासाने थांबावं लागतं, धुवावं लागतं. हे सगळं करणारा मुकादम जिथे आहे, तिथे तो सावली आणि थंड पाणीही देऊ शकतो. आणि जो सावली देत नाही तो जाकीट कुठून देणार?

मग जाकीट निरुपयोगी का? नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनाची टाकी आतून साफ करणाऱ्याला रबरी पोशाख घालावाच लागतो. त्यात घाम वाळतच नाही. भट्टीची दुरुस्ती करणारा, अग्निशमन दलाचा जवान, बंदरावर तापलेल्या कंटेनरच्या आत माल उतरवणारा, यांचं काम अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यांचं असतं, त्यांना सावलीत बसवून भागत नाही, आणि कारखान्यात फ्रीज असतोच. तिथे ते जीव वाचवू शकतं, आणि तिथे ते न देणं हा आमच्या मते निव्वळ कंजूषपणा आहे. पण स्लॅबवर आठ तास सळया बांधणाऱ्याला जाकीट द्या म्हणणं म्हणजे घड्याळाचं काम कपड्यावर ढकलणं.

घड्याळाचं काय झालं ते बघा. १९४८ च्या कारखाना कायद्यात तापमान सुसह्य ठेवायची तरतूद होती, २५० हून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पिण्याचं पाणी थंड करून देण्याची सक्ती होती. खाणींच्या नियमांत तर ओल्या थर्मामीटरची स्पष्ट मर्यादा आहे, ३३.५ अंश. त्यापुढे काम नाही. उघड्यावरच्या कामाला मात्र असा आकडा नाही. दर उन्हाळ्यात सल्ले निघतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय कामगार खात्याने राज्यांना पत्र पाठवलं, कामाच्या वेळा बदला, पाणी ठेवा, बांधकामावर आइस पॅक ठेवा. सल्ला चांगलाच आहे. पण तो सल्ला आहे.

आणि गंमत म्हणजे आपल्या रायगड-रत्नागिरीची जी माणसं आखातात कामाला जातात, त्यांच्यासाठी असा नियम आहे. कतारने २००७ साली उन्हाळ्यात दुपारच्या कामावर बंदी घातली. २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद, शिवाय ऊन, वारा आणि दमटपणा मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ च्या वर गेला तर कुठल्याही वेळी बंद. हा निर्देशांक १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैनिकांसाठी बनवला होता, प्रशिक्षणात पोरं कोसळत होती म्हणून. कतारमध्ये सगळं आलबेल होतं असं आम्ही मुळीच म्हणत नाही, तिथल्या मृत्यूंवर जगभर टीका झाली आणि त्या टीकेच्या दबावाखालीच नियम कडक झाले. पण महाडचा माणूस दोह्यात साडेदहाला सावलीत बसतो आणि त्याचा भाऊ पनवेलला त्याच वेळी सेंट्रिंग ठोकत असतो, हे खरं आहे.

इथला मजूर ते का मागत नाही, असंही विचारलं जातं. नाक्यावर सकाळी उभे राहा म्हणजे कळेल. रोजाने काम, त्यातही बरंचसं अंगावर घेतलेलं. जितकं उरकेल तितके पैसे. दुपारचे चार तास बंद म्हणजे मजुरी तुटली. पहाटे पाचला सुरू करावं तर शेजारच्या सोसायट्या आवाजाची तक्रार करतात, रात्री केलं तरी तेच. म्हणजे तुम्ही-आम्हीही यात आहोत, आपली झोप त्याच्या दुपारीवर बेतते. लोखंड्यांनी अर्धा तास मागितला तेव्हा गिरणी एकच होती आणि भोंगाही एकच. नाक्यावरचा माणूस कुणाकडे अर्ज करणार? आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या.

खारघरनंतर सरकारने एक निर्णय जाहीर केला, दुपारी १२ ते ५ या वेळात उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत. चांगलं झालं. आता असे कार्यक्रम संध्याकाळी होतात. त्यांचा मंडप मात्र दुपारीच बांधून तयार ठेवावा लागतो, संध्याकाळी सहाला लोक येतात म्हणून. गेल्या मे महिन्यात एका सभेच्या जागेवरून दीड वाजता जाताना आम्ही तो बांधताना पाहिला. बांबूवर तिघे जण होते, डोक्याला ओले रुमाल बांधलेले. खाली एक पोरगा पाण्याची बाटली वर फेकत होता.

बरं, इथे थांबू. तुम्हीही पाणी प्या, मग प्रश्न घेऊ.